पांढऱ्या डोळ्यांची माशी

पिकलेल्या केळ्यांचा घड घरात दोन दिवस राहिला, की त्याच्याभोवती बारीक चिलटे जमू लागतात. त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नसते, आणि कितीही हाकलले तरी ती परत येतात. आई ती पदराने उडवून लावते व केळी झाकून ठेवते. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या या क्षुद्र जीवाकडे वळून पाहावे असे सहसा कोणालाच वाटत नाही. परंतु याच चिलटांच्या एका जातीने, म्हणजे फळमाशीने, मनुष्याला एक फार जुने कोडे सोडवून दिले. नातवाचे डोळे आजोबांसारखे का होतात? काळ्या गाईला कधी तांबडे वासरू का होते? आईबापांचे गुण मुलांत उतरतात, ते नेमके कोणत्या वाटेने उतरतात? फळमाशीच्या साहाय्याने या वाटेचा माग ज्यांनी काढला, ते अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ म्हणजे थॉमस हंट मॉर्गन. आणि नवल असे, की जे सत्य त्यांच्या हातून सिद्ध झाले, त्यावर आरंभी त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन या गावी झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. घराणे मोठे नामांकित. थॉमसचे चुलते जॉन हंट मॉर्गन हे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बाजूने लढलेले घोडदळाचे सेनापती. युद्धातच ते मारले गेले होते. अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की हे आईकडून त्याचे पणजोबा लागत. अशा घरातील मुलाने तलवार गाजवावी किंवा राजकारण करावे, अशी लोकांची अपेक्षा असते. थॉमसचे मन मात्र रानात रमे. पक्ष्यांची अंडी, फुलपाखरे, दगडांत सापडणारे प्राचीन जीवांचे अवशेष, जे मिळेल ते तो वेचून आणी. त्याचा हा संग्रह एवढा वाढला, की घरातील माळ्यावरच्या दोन खोल्या त्याला देऊन टाकाव्या लागल्या.

केंटकीतील महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतल्यावर मॉर्गन बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तेथे समुद्रात राहणाऱ्या, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर संशोधन करून १८९० मध्ये त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढील वर्षी ब्रिन मॉर येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात ते शिकवू लागले. इटलीतील नेपल्स येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांनी काही महिने काम केले, आणि तेथून परतताना एक पक्की सवय त्यांच्या अंगी बाणली होती. एखादे मत कितीही सुंदर असो, कितीही थोर पुरुषाने मांडलेले असो. त्याला प्रयोगाचा आधार हवा. गांडुळाचे तुकडे केले तर कोणता तुकडा पुन्हा पुरा वाढतो आणि कोणता मरतो, हे तासन्‌तास पाहत बसणारा हा मनुष्य ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवील कसा?

ब्रिन मॉर येथेच लिलियन सॅम्पसन ही जीवशास्त्राची बुद्धिमान विद्यार्थिनी त्यांना भेटली. १९०४ साली त्या दोघांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी मॉर्गन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

आता त्या वेळी शास्त्रज्ञांमध्ये कोणता वाद चालला होता, तो समजून घेऊ. युरोपात ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका ख्रिस्ती मठवासीयाने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून असे दाखविले होते, की आईबापांचे गुण संततीत एखाद्या रंगासारखे मिसळून जात नाहीत. प्रत्येक गुणाचा जणू एक कण असतो. तो एखाद्या पिढीत दडून राहतो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा प्रकट होतो. मेंडेल यांचा निबंध छापला गेला १८६६ मध्ये, म्हणजे मॉर्गन यांच्या जन्मवर्षीच. पण चौतीस वर्षे त्याची कोणी दखल घेतली नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला, आणि मग काही शास्त्रज्ञ म्हणू लागले, की हे कण प्राण्याच्या व वनस्पतीच्या पेशींतील सूक्ष्म धाग्यांवर बसलेले असावेत. त्या धाग्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो. गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. प्रत्येक जोडीतील एक सूत्र आईकडून येते, तर दुसरे वडिलांकडून.

मॉर्गन यांना हे सारे पटत नव्हते. कण कोणी पाहिला आहे काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. काहीही घडले, की एक अदृश्य कण कल्पायचा, आणि त्याने भागले नाही तर आणखी एक कल्पायचा, याला शास्त्र म्हणायचे कसे? १९०९ मध्ये एका सभेत त्यांनी या मताची चांगलीच हजेरी घेतली. त्यांची जुनी विद्यार्थिनी नेटी स्टीव्हन्स हिने किड्यांच्या पेशी तपासून १९०५ मध्येच दाखवून दिले होते, की नर आणि मादी यांच्या गुणसूत्रांच्या एका जोडीत भेद असतो. कोलंबियातील त्यांचे मित्र विल्सन हेही त्याच निष्कर्षाला आले होते. एवढी जवळची माणसे सांगत असतानाही मॉर्गन डळमळले नाहीत. काहींना हा हट्ट वाटेल. पण हट्टी मनुष्य पुरावा पाहायचेच नाकारतो. मॉर्गन तर पुराव्याच्या शोधात होते.

सजीवांत एखादा नवा गुण अकस्मात उत्पन्न होतो काय, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे होते. त्यासाठी असा प्राणी हवा होता, की ज्याच्या पिढ्या झपाट्याने होतील, जो थोड्या जागेत मावेल आणि ज्याच्या पोषणाला पैसा लागणार नाही. फळमाशी या कामाला अगदी योग्य ठरली. हार्वर्ड विद्यापीठात कॅसल नावाच्या शास्त्रज्ञांनी ती आधीच पाळली होती. दहाबारा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होते, एक मादी शेकडो अंडी घालते, आणि खाद्य म्हणून कुसकरलेले केळे पुरते. गुणसूत्रांच्या जोड्याही अवघ्या चार. ज्या बाटल्यांतून न्यूयॉर्कच्या घरोघरी दूध येई, त्याच काचेच्या बाटल्यांत या माश्या राहू लागल्या. पहाटे लोकांच्या दारांतून त्या रिकाम्या बाटल्या कोण उचलून नेत असे, याविषयी मॉर्गन यांच्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखविणाऱ्या बऱ्याच कथा प्रचलित आहेत!

मॉर्गन यांच्या एका विद्यार्थ्याने तर माश्यांच्या पिढ्या काळोखात वाढविण्यास आरंभ केला. प्रकाश नसेल तर डोळे निकामी होतील काय, हे त्याला पाहावयाचे होते. त्या प्रयोगात एकूण ६९ पिढ्या अंधारात गेल्या, पण माश्यांचे डोळे होते तसेच राहिले. मॉर्गन यांनीही माश्यांना उष्णता दिली, थंडी दिली, आम्ले दिली, रेडियमच्या किरणांत ठेवले. बाटल्यांमागून बाटल्या भरल्या, भिंगाखाली हजारो माश्या तपासल्या. नवे काही दिसेना. भेटीस आलेल्या एका शास्त्रज्ञ मित्राला रांगेने मांडलेल्या बाटल्या दाखवून, आपली दोन वर्षे फुकट गेली, असे त्यांनी खिन्नपणे सांगितले म्हणतात.

आणि १९१० साली एका बाटलीत ती माशी दिसली. फळमाशीचे डोळे विटेसारखे लाल असतात. या एका नराचे डोळे मात्र पांढरे स्वच्छ होते. हा नर अशक्त होता. तो मेला असता, तर सारेच संपले असते. मॉर्गन रोज रात्री ती बाटली घरी नेत आणि उशाशी ठेवून झोपत, अशी एक आख्यायिका आहे. त्याच सुमारास त्यांच्या घरी कन्येचा जन्म झाला, आणि मॉर्गन इस्पितळात भेटीस गेले तेव्हा पत्नीने आधी पांढऱ्या डोळ्यांच्या माशीचीच प्रकृती विचारली, असेही सांगतात. तारखांचा मेळ घातला, तर ही दुसरी कथा नीटशी जुळत नाही. तरीही ती शतकभर सांगितली जाते, यावरून त्या घरात माशीचे महत्त्व किती होते, ते समजावे.

त्या नराने प्राण सोडण्यापूर्वी लाल डोळ्यांच्या माद्यांपासून संतती दिली. पहिल्या पिढीत १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निपजल्या. केवळ तीन नर पांढऱ्या डोळ्यांचे होते, आणि हा अपवादही मॉर्गन यांनी न लपविता नोंदवून ठेवला. पांढरा रंग जणू नाहीसाच झाला होता. मग या लाल डोळ्यांच्या भावंडांपासून दुसरी पिढी घेतली. लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९. लाल डोळ्यांचे नर १,०११. पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या? एकही नाही!

दडलेला गुण नातवंडांत पुन्हा प्रकट झाला, हे मेंडेल यांच्या नियमाला धरून होते. पण तो केवळ नरांतच का यावा? मॉर्गन विचारात पडले. पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या निपजूच शकत नाहीत, असेही नव्हते. वेगळ्या जोड्या जमविल्यावर त्याही मिळाल्या. मग उत्तर एकच उरत होते, आणि ते नेमके त्यांनी नाकारलेल्या दिशेला बोट दाखवीत होते. मादीच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात. नराच्या पेशीत एकच एक्स असते, आणि त्याच्या जोडीला वाय नावाचे वेगळे सूत्र असते. डोळ्यांच्या रंगाचा कण एक्स सूत्रावर बसलेला आहे आणि वाय सूत्रावर तो नाही, असे धरले, की सारा उलगडा होतो. लेकीला एक एक्स आईकडून व एक वडिलांकडून मिळते. आईकडून पांढऱ्या रंगाचे आले, तरी वडिलांच्या सूत्रावरील लाल रंग त्याला झाकून टाकतो. मुलाला एक्स मिळते ते केवळ आईकडून. ते पांढऱ्या रंगाचे निघाले, तर झाकणारे दुसरे कोणी नसते; त्याचे डोळे पांढरेच होणार.

त्याच वर्षी छापून आलेल्या एका मोठ्या लेखात मॉर्गन गुणसूत्रांच्या सिद्धांतावर आक्षेप घेत होते, आणि त्याच वर्षी आपल्या माशीचा वृत्तान्तही त्यांनी प्रसिद्ध केला. एका बाजूला स्वतःचे जाहीर मत, दुसऱ्या बाजूला चार हजारांहून अधिक माश्यांची मोजदाद. पुढील वर्षी आणखी काही गुण एक्स सूत्रावरच सापडले. मॉर्गन यांनी आपले मत सोडून दिले. ज्या सिद्धांतावर त्यांनी टीका केली होती, त्याचेच ते सर्वांत खंदे पुरस्कर्ते झाले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, भरल्या कीर्तीत, आपण चुकलो हे कबूल करणे मोठ्या विद्वानांनाही सोपे जात नाही.

या कामाचे घर म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील एक खोली. लांबी २३ फूट, रुंदी १६ फूट, आणि तीत आठ मेजे दाटीवाटीने मांडलेली. तिला सारे माशीघर म्हणत. तेथे आंबलेल्या केळ्यांचा वास सदा दरवळत असे. बाटल्यांतून निसटलेल्या माश्या खोलीभर उडत, आणि झुरळांचाही सुळसुळाट होता. मॉर्गन उभ्या उभ्याच भिंगातून माश्या मोजत. कपड्यांविषयी तर ते कमालीचे बेफिकीर. एकदा कमरपट्टा सापडेना, तेव्हा त्यांनी विजार सुतळीने बांधली होती म्हणतात. संस्थेच्या पैशाची पै न्‌ पै ते जपत. स्वतःच्या खिशातून मात्र गरजू विद्यार्थ्यांना गुपचूप साहाय्य करीत.

या खोलीत तीन तरुण येऊन मिळाले. कॅल्व्हिन ब्रिजेस हा आईबापांविना वाढलेला गरीब मुलगा बाटल्या धुण्याच्या कामावर होता. एके दिवशी धुण्यासाठी आलेल्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला एका माशीचे डोळे शेंदरी दिसले. भिंग घेऊनही इतरांना न दिसणारा भेद या मुलाने नुसत्या डोळ्यांनी टिपला, हे पाहून मॉर्गन यांनी त्याला संशोधनाचे काम दिले. दुसरा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. लहानपणी वडिलांच्या मळ्यावरील घोड्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याचा त्याला नाद होता. तिसरा हर्मन म्युलर, अतिशय कुशाग्र बुद्धीचा.

स्टर्टेव्हंट याची एक रात्र शास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली आहे. गुणसूत्रावरील कणांना आता जनुके हे नाव मिळाले होते. माळेत मणी ओवावे, तशी जनुके सूत्रावर ओळीने बसलेली असावीत, असे मॉर्गन यांना वाटू लागले होते. जोडीतील दोन सूत्रे कधी कधी मध्येच तुटून आपापले तुकडे एकमेकांत बदलतात. माळेतील दोन मणी शेजारी असतील, तर माळ नेमकी त्यांच्यामध्येच तुटण्याचा संभव थोडा. ते दूर असतील, तर पुष्कळ. म्हणजे दोन गुण किती वेळा एकमेकांपासून विलग होतात, हे मोजले तर त्यांच्या जनुकांमधील अंतर कळेल! १९११ साली मॉर्गन यांच्याशी बोलता बोलता, विशीतल्या या विद्यार्थ्याच्या ध्यानी ही गोष्ट आली. प्रयोगांची टिपणे घेऊन तो घरी गेला, महाविद्यालयाचा अभ्यास त्याने बाजूला सारला आणि बहुतेक सारी रात्र जागून काढली. सकाळी त्याच्या हाती एक नकाशा होता. पिवळे शरीर, पांढरे डोळे, शेंदरी डोळे, छोटे पंख, खुरटे पंख या गुणांच्या जनुकांच्या जागा त्यात अंतरासह दाखविल्या होत्या. जगातील हा जनुकांचा पहिला नकाशा. तो १९१३ मध्ये स्टर्टेव्हंट याच्याच नावाने प्रसिद्ध झाला. गुरूने त्यावर आपले नाव घातले नाही.

१९१५ साली मॉर्गन व त्यांचे हे तीन सहकारी यांनी मिळून आनुवंशिकतेवर एक ग्रंथ लिहिला, आणि आनुवंशशास्त्राचा पाया पक्का झाला. माशीघरातील सर्वच गोष्टी गोड होत्या, असे मात्र नव्हे. आपल्या कल्पनांचे पुरेसे श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही खंत म्युलर यांना पुढे अनेक वर्षे वाटत राहिली. त्यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले, की क्ष-किरणांमुळे जनुकांत बदल घडतात, आणि त्यासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळविले. लिलियन मॉर्गन यांचीही कथा अशीच. मुले मोठी झाल्यावर त्या प्रयोगशाळेत परतल्या. मादीतील दोन एक्स सूत्रे कधी कधी एकमेकांना जोडलेली असतात, हा महत्त्वाचा शोध त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. तरीही अधिकृत पद त्यांना मिळाले ते १९४६ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर.

मॉर्गन १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे गेले. तेथील कॅल्टेक या संस्थेत त्यांनी जीवशास्त्राचा विभाग उभारला. ब्रिजेस व स्टर्टेव्हंट त्यांच्यासह गेले, आणि अर्थातच माश्याही गेल्या. १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. डिसेंबरमधील समारंभाला ते गेलेच नाहीत. पुढील उन्हाळ्यात स्टॉकहोमला जाऊन त्यांनी आपले व्याख्यान दिले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी आपल्या मुलांना वाटून दिली, आणि त्या वाटणीत ब्रिजेस व स्टर्टेव्हंट यांच्या मुलांचाही हिस्सा ठेवला. ४ डिसेंबर १९४५ रोजी पासाडेना येथे त्यांचे निधन झाले.

मॉर्गन गेले, पण माशीचे काम थांबले नाही. १९६७ मध्ये त्याच कॅल्टेकमध्ये सीमोर बेंझर आले. जनुकांमुळे डोळ्यांचा रंग ठरतो, तर मग वागणूकही ठरत असेल काय, असा प्रश्न त्यांनी माशीलाच विचारला. आपल्या शरीरात एका चेतापेशीकडून दुसऱ्या चेतापेशीकडे संदेश जातो, तेव्हा मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. त्या संधिस्थानाला सिनॅप्स म्हणतात. संदेश देणारी पेशी रसायनाच्या चिमुकल्या पिशव्या त्या फटीत रिकाम्या करते. जपानी भाषेतील बधिरपणाच्या शब्दावरून शिबिरे असे नाव दिलेल्या काही माश्या उष्णता वाढली की लुळ्या पडतात, आणि थंडावा मिळताच पुन्हा उडू लागतात. त्यांच्या एका जनुकात दोष असतो. त्यामुळे उष्णतेत नव्या पिशव्या तयार होत नाहीत, जुन्यांचा साठा संपतो आणि संदेशच खुंटतो. माशीच्या एका जनुकावरून सिनॅप्सचे कार्य उमगू लागले ते असे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दीकी हेही या कामात होते. बेंझर यांच्यासह त्यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या नव्या जाती शोधून काढल्या. तो निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी, माशीला वास व चव कशी कळते, याचा जनुकांच्या आधारे शोध घेतला. न्यूयॉर्कच्या माशीघरात आरंभलेले काम अशा रीतीने कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथे फळमाश्यांचा एक मोठा संग्रह आहे. हजारो प्रकारच्या माश्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या जातात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठविल्या जातात. मॉर्गन यांच्या त्या अशक्त नराकडून चालत आलेले पांढऱ्या डोळ्यांचे जनुक त्यांपैकी काही माश्यांत आजही आहे.